मुलाला नीट तपासणारे डॉक्टर कसे शोधावेत

मूल तापाने फणफणलेलं असताना डॉक्टर शोधायला निघालं की जो दवाखाना उघडा दिसेल तोच बरा वाटतो. म्हणून पहिली भेट मूल ठणठणीत असताना घ्या. लस किंवा वजन-उंची मोजणं हे निमित्त पुरेसं आहे. वेळ घेताना फोनवरच विचारून ठेवा, की रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी गरज पडली तर फोन कोणाला करायचा, आणि डॉक्टर बाहेरगावी असले तर मुलांना कोण बघतं. याला धड उत्तर मिळत नसेल तर दुसरं नाव शोधा.

खरी पारख तपासणीच्या क्रमात होते. जाणकार डॉक्टर तान्ह्या बाळाला आल्या आल्या टेबलावर आडवं करत नाहीत. ते बाळाला पालकांच्या मांडीवरच राहू देतात आणि बोलता बोलता त्याचा श्वास बघतात. मग सदरा वर करून उघड्या अंगावर स्टेथोस्कोप लावतात. घसा आणि कान शेवटी बघतात, कारण तिथे हात लावला की मूल रडतं, आणि रडणाऱ्या मुलाची छाती नीट ऐकू येत नाही. कपड्यांवरूनच स्टेथोस्कोप टेकवला आणि लगेच औषधं लिहायला घेतली, तर ती तपासणी अर्धीच झाली.

खोकला किंवा धाप असेल तर श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा लागतो. लहान मुलांचा श्वास एका लयीत चालत नाही, त्यामुळे पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की आकडा फसवतो. 2 महिन्यांखालच्या बाळात मिनिटाला 60 किंवा जास्त, 2 महिने ते 1 वर्षापर्यंत 50 किंवा जास्त आणि 1 ते 5 वर्षांत 40 किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास. हे घरीही मोजता येतं. मूल शांत किंवा झोपलेलं असताना पोटाची वरखाली बघत मोजा आणि आकडा डॉक्टरांना सांगा.

वजन न करता औषध लिहून देत असतील तर तिथेच थांबवा. पॅरासिटामॉलचा एक डोस दर किलोला 10 ते 15 मिलिग्रॅम असतो. 10 किलोच्या मुलाला 120 मिलिग्रॅम द्यायचं असेल तर 5 मिलीत 120 मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे 5 मिली लागतात. तेवढेच 5 मिली 250 मिलिग्रॅमच्या बाटलीतून दिले तर दुपटीहून जास्त औषध पोटात जातं. म्हणून औषधाची तीव्रता आणि मिली, दोन्ही लिहून मागा, आणि घरातल्या चमच्याऐवजी सिरिंजने मोजा.

निघताना एक प्रश्न जरूर विचारा: ‘काय दिसलं तर लगेच परत यायचं?’ ‘तसं काही वाटलं तर या’ हे उत्तर पुरेसं नाही. छाती आत ओढली जाणं, दूध-पाणी बंद होणं, पोटात गेलेलं सगळंच ओकणं, तासन्‌तास लघवी न होणं, झोपेतून नीट जागं न होणं, अशी ठोस लक्षणं डॉक्टरांनी नावं घेऊन सांगायला हवीत. 3 महिन्यांखालच्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल तर मात्र वाट बघायचीच नाही, त्याच दिवशी ताबडतोब दाखवायचं.

डॉक्टरांचं लक्ष वेधणं बरंचसं आपल्याही हातात असतं. ताप कधी, किती, लघवी किती वेळा, कोणतं औषध किती वाजता दिलं, हे कागदावर लिहून न्या. सगळ्यात मोठी काळजी पहिल्याच वाक्यात सांगा. पुष्कळ पालक ती दारातून बाहेर पडताना बोलतात आणि तोवर पुढचं मूल आत आलेलं असतं. झटका, विचित्र खोकला किंवा धाप यांचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात पोचेपर्यंत ते लक्षण थांबलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला नाही एवढ्यावरून डॉक्टर बदलू नका. बरेचसे विषाणूजन्य ताप तीन ते पाच दिवसांत आपोआप उतरतात, आणि श्रेय तिसऱ्या दवाखान्याला मिळतं. (मूल जास्त मलूल होत असेल तर त्याच डॉक्टरांना लगेच परत दाखवा.) साध्या सर्दीला अँटिबायोटिक दिलं नाही म्हणजे दुर्लक्ष केलं, असंही नाही. विषाणूवर त्याचा काहीच उपयोग नसतो. उलट ते लिहून दिलं असेल तर कशासाठी, हे विचारायला संकोच करू नका.

बदलायचं कारण वेगळं असतं. एकच तक्रार दोनदा सांगूनही ‘सगळ्याच मुलांना होतं’ म्हणून न तपासता उडवून लावली, किंवा वाढीच्या तक्त्यावर कधी खूणच केली नाही, तर बदला. जाताना लसीकरणाचं कार्ड, वाढीचा तक्ता, जुन्या चिठ्ठ्या आणि कोणत्या औषधाने पुरळ उठलं होतं त्याची नोंद सोबत न्या.