हातमागावर नवे सूत वापरताना या चुका टाळा

कोल्हापूर परिसरातील विणकराला सुताची वाण नाही. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग बसला आणि पुढे त्या गावाभोवती सुताचा मोठा बाजार उभा राहिला. शिवाय घोंगडीसाठी कातलेली दख्खनी मेंढीची लोकर जिल्ह्यातच आहे. अशा ठिकाणी प्रयोग करावेत, मनापासून करावेत, परंतु कापड अनपेक्षित निघाले तर ते कशामुळे निघाले हे सांगता येईल, अशा रीतीने करावेत. त्यासाठी एका वेळी एकच सूत बदलावे.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे कापड मागावर असतानाच त्याबद्दल मत बनवणे. मागावर उभे धागे ताणलेले असतात, त्यामुळे सुतातला पीळ दबून राहतो. कापड उतरवून कोमट पाण्यात भिजवले की तो पीळ उकलू पाहतो आणि सपाट दिसणाऱ्या कापडावर तिरप्या सुरकुत्या उमटतात. एकपदरी, जास्त पिळाचे सूत साध्या विणीत विरळ लावले असेल तर हे हमखास घडते. सुरकुत्या नको असतील तर धाग्यांची दाटी वाढवावी किंवा दोनपदरी सूत घ्यावे, कारण दोन पदर एकत्र करताना दिलेला उलटा पीळ पदरांच्या मूळ पिळाला सावरतो. हाच परिणाम हवासा वाटला तर उजव्या आणि डाव्या पिळाचे धागे दोन-दोन आलटून पालटून घालावेत. क्रेपचा दाणेदार पोत असाच मिळतो. सुती आणि लोकरी पट्टे शेजारी विणले तर धुतल्यावर लोकर आटते आणि सुती पट्टा फुगून वर येतो. म्हणून प्रत्येक नव्या सुताचा नमुना विणून, त्यावर १० इंचांची खूण करून धुवावा. ते अंतर ९ इंच भरले, तर ७२ इंचांच्या कापडासाठी ८० इंच विणावे लागेल, आणि हा हिशेब ताणा (उभे धागे) लावण्यापूर्वीच व्हायला हवा.

चिठ्ठी नसलेला कोन (शंकूवर गुंडाळलेले सूत) स्वस्तात मिळाला की तो सुतीच आहे असे धरून चालणे ही दुसरी चूक. धागा जाळून पाहावा: पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो, लोकर आणि रेशीम जळक्या केसांसारखा वास देतात, सुती धागा कागदासारखा जळतो. व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला धागा) हेही कागदासारखेच जळते, त्यामुळे एवढ्यावर थांबू नये. धाग्याचा मधला भाग ओला करून ओढावा. ओल्या जागीच तुटला तर तो बहुधा व्हिस्कोस असतो, कारण त्याची ताकद ओलेपणी जवळजवळ निम्म्यावर येते, तर सुती धागा ओला झाल्यावर उलट अधिक बळकट होतो. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत व्हिस्कोसचा ताणा वारंवार तुटत असेल, तर मागाला दोष देण्यापूर्वी ही परीक्षा करावी.

काउंटचा, म्हणजे सुताची जाडी सांगणारा, आकडा सारखा म्हणजे जाडी सारखी, हाही गैरसमज आहे. सुती काउंट एका पौंडात ८४० वारांच्या किती लड्या बसतात यावर ठरतो, लिननचा मात्र ३०० वारांच्या लडीवर. म्हणून २० काउंटचे लिनन २० काउंटच्या सुती धाग्यापेक्षा पुष्कळ जाड असते. आकड्यापेक्षा पट्टीवर विश्वास ठेवावा. धागा पट्टीवर एका इंचात शेजारी-शेजारी गुंडाळून फेरे मोजावेत. २४ फेरे आले तर साध्या विणीला इंचाला सुमारे १२ उभे धागे आणि ट्विलला (तिरप्या रेघांच्या विणीला) सुमारे १६ धागे लावून नमुन्याची सुरुवात करावी.

कोनावरचे एकपदरी सूत सहसा खळ (धागा गुळगुळीत करणारा चिकट लेप) न दिलेले असते. ते तसेच ताण्याला लावले की फणीत (उभे धागे ओवलेल्या चौकटीत) घासून त्याचे तंतू सुटतात, शेजारचे धागे एकमेकांना चिकटतात आणि तुटतात. घोंगडी विणणारे सनगर कारागीर लोकरीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात ती याचसाठी, आणि खरखरीत हातकातलेल्या धाग्यावर तिच्याइतका भरवशाचा उपाय मला दुसरा दिसत नाही. लवचीक लोकर आणि न ताणणारे सूत एकाच बीमवर (ताणा गुंडाळायच्या रुळावर) गुंडाळू नये. विणता विणता एक सैल पडते, दुसरे तटतटते. शक्य असल्यास दोन बीम घ्यावेत, नाहीतर सैल पडणारे धागे वेगळे सोडून त्यांना मागे वजन टांगावे.

रंगाबाबत एवढेच, की लाल ताण्यात हिरवा बाणा (आडवे धागे) घातला तर दुरून दोन्ही रंग मिळून मातकट दिसतात. गडद लाल किंवा निळे सूत पांढऱ्याशेजारी लावण्यापूर्वी त्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेवावा. सकाळी फडक्यावर डाग दिसला तर ते सूत त्या कापडात घालू नये.