जुनी फोर-बाय-फोर घेतलीत? पावसाआधी या चुका टाळा

जुनी जिप्सी, थार किंवा पजेरो दारात आली की पहिले पैसे लाइट बार आणि मोठ्या टायरांवर जातात. ते राहू द्या. आधीचा मालक "आत्ताच सर्व्हिस केलीय" म्हणतो, पण पावती दाखवत नसेल तर सर्व्हिस झालीच नाही असं समजा.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे ॲक्सल. इंजिन ऑइल सगळेच बदलतात. दोन्ही डिफरेन्शियल (ॲक्सलमधला, डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा संच) आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद देणारा गिअरचा डबा) यांच्याकडे वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. त्यात गाडी गोव्यातल्या कुळ्याहून दूधसागर धबधब्याला पर्यटक नेणारी असेल तर जास्तच जपा, कारण ती वाट नदीच्या पाण्यातून जाते. तापलेला ॲक्सल गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते. ब्रीदर, म्हणजे ॲक्सलची हवा आत-बाहेर जायची नळी, मातीने बुजलेला असेल, तर ती ओढ सीलवर (तेल अडवणाऱ्या रबरी कडीवर) येते आणि तिथून पाणी आत शिरतं. मग तेल दुधाच्या चहासारखं निघतं. अशा वेळी नुसतं तेल बदलून भागत नाही. ब्रीदर मोकळा करा, सील तपासा, नवं तेल घालून थोडी गाडी फिरवा आणि पुन्हा काढून बघा. ड्रेन प्लगच्या (तेल काढायच्या खालच्या बुचाच्या) चुंबकावर राखाडी चिखल असणं साधारण आहे. धातूचे तुकडे हाताला लागले तर डिफरेन्शियल उघडावंच लागेल.

हे करताना बरेच जण खालचा प्लग आधी काढतात. तेल वाहून जातं आणि नंतर कळतं की भरायचा वरचा प्लग गंजून जाम झालाय. गाडी तिथेच अडकते. वरचा सुटतो याची खात्री करूनच खालच्याला हात लावा.

"गिअर ऑइल सगळं सारखंच" हेही तितकंच महागात पडतं. डिफरेन्शियलला बहुधा जीएल-५ दर्जाचं, ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९० जाडीचं तेल चालतं, पण तेच गिअरबॉक्समध्ये ओतलं तर काही जुन्या गाड्यांच्या पितळी सिंक्रो रिंग (गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या कड्या) खराब होतात. मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४च घाला.

जिप्सीच्या पुढच्या चाकांमागच्या गोळ्यातून ग्रीसऐवजी पातळ तेल ओघळत असेल, तर आतलं सील गेलंय. बाहेरून पुसून ते थांबत नाही. जिप्सीच्या इंजिनला टायमिंग बेल्ट असतो, तो कधी बदलला हे माहीत नसेल तर लगेच बदला.

किनाऱ्याजवळ राहिलेल्या गाडीचा चॅसिस खालून टोचून बघा. वाळूवर गाडी नेणं गोव्यात बेकायदेशीर आहे, तरी लोक नेतात, आणि मीठ पोकळ भागांत बसून राहतं. गंजावरच काळं कोटिंग मारून देणारे खूप भेटतील. त्याने ओलावा आतच कोंडला जातो. आधी गोड्या पाण्याने धुऊन वाळवा, गंज खरवडा, मग प्रायमर.

कूलंट तपकिरी दिसलं तर बहुधा कोणीतरी नळाचं पाणी घालत आलंय. चोर्ला घाट चढण्याआधी सिस्टिम धुऊन घ्या. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आपल्या दमट हवेत तर हमखास, म्हणून तेही बदला. टायरवरच्या डॉट (DOT) कोडचे शेवटचे चार आकडे पाहा: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत, नाहीतर फोर-व्हील लावल्यावर पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये ताण येतो.

तोच ताण फोर-व्हील लावून कोरड्या डांबरावर वळताना येतो, आणि फोर-व्हीलचा दांडा अडकतो. दांड्यावर जोर काढू नका. गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्या, बहुतेकदा सुटतो. तरीही नाही सुटला तर पुढचे हब (चाकांचे मधले भाग) आणि दांड्याखालची लिंकेज (जोडणी) बघायला सांगा. दांडाच बदलायला सांगणारा मेकॅनिक बदला.