जुन्या बाजारात सहकुटुंब निघालात? मग या चुका टाळा

ओळखीतलं कुणी पहिल्यांदा मोठ्या फ्ली मार्केटला, म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजाराला, निघालं की आदल्या रात्री मला फोन येतो. प्रश्न ठरलेला: "तिथे चांगलं काय मिळतं?" घेतलेलं घरी कसं आणायचं, आजी बसणार कुठे, मुलं कंटाळली तर काय, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा फोन येतो आणि तो नेमका याच गोष्टींबद्दल असतो. तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून काढते.

पंधराएक वर्षं मी या बाजारांत फिरते आहे. एकटी असले की वस्तू बघते. घरचे बरोबर असले की घड्याळ, पाण्याच्या बाटल्या आणि सगळ्यांच्या चपला बघते. या दोन वेगळ्या फेऱ्या आहेत. ज्यांना दोन्ही एकाच दिवसात उरकायच्या असतात, त्यांची एकही धड होत नाही.

पहाटेचं वेड

"चांगला माल पहाटेच संपतो" असं कुठेतरी वाचून लोक चार वर्षांच्या पोराला अंधारात उठवतात. वाचलेलं खोटं नाही. जुन्या वस्तूंचे व्यापारी उजाडायच्या आत हातात विजेरी घेऊन फिरतात आणि खोकी गाडीतून उतरत असतानाच सौदे करतात. काही बाजारांत तर या वेळेसाठी जादा तिकीट लावतात. पण ते व्यापारी आहेत, त्यांना तो माल पुढे विकायचाय. तुम्हाला घरच्यांबरोबर दिवस घालवायचाय. पाचला उठलेलं मूल दहाला रडकुंडीला येतं आणि साडेदहाला भोकाड पसरतं. ज्या कंदिलासाठी एवढी झोपमोड केली, तो समोर असतो आणि तुम्ही भाव करायचं सोडून पोराला कडेवर घेऊन थोपटत असता.

दुसऱ्या टोकाची मंडळीही आहेत. "शेवटच्या तासात मातीमोल भावाने देतात" म्हणून दुपार कलल्यावर येतात. देतातही, कारण उरलेलं परत गाडीत चढवायचा कंटाळा विकणाऱ्यालाही असतो. फक्त तोवर उरतं काय, तर झाकण नसलेल्या बरण्या आणि बरणी नसलेली झाकणं.

आमचा नेम असा: बाजार सुरू झाल्यावर तासाभराने पोचायचं आणि ऊन चढायच्या आत निघायचं. तीन तास. चौथ्या तासात घेतलेली एकही वस्तू आज आमच्या घरात वापरात नाही.

चुकामूक आणि फुगेवाला

ही माझी खास चूक, मी स्वतः केलेली. मोठा बाजार म्हणजे किती मोठा, याचा नवख्यांना अंदाज नसतो. पॅरिसच्या उत्तर वेशीवरचा सँ-तुआँचा बाजार घ्या: सुमारे सात हेक्टर, म्हणजे सतराएक एकर. आम्ही गेलो होतो तो एवढा नसेल, पण या टोकापासून त्या टोकापर्यंत सासऱ्यांच्या चालीने अर्धा तास लागत होता.

फाटकातून आत शिरताना मी मोठ्या रुबाबात सगळ्यांना सांगितलं, "चुकामूक झाली तर त्या फुगेवाल्यापाशी यायचं." निवड मला फार हुशारीची वाटली होती. लाल-पिवळ्या फुग्यांचा तो घोस गर्दीच्या डोक्यावर हातभर उंच डोलत होता, कुठूनही दिसेल असा.

तासाभराने सासरे जुन्या घड्याळांच्या एका मांडणीपाशी रेंगाळले आणि आम्ही बोलत बोलत पुढे गेलो. मागे वळून बघते तर ते नाहीत. फोन लावला, तो गाडीत चार्जिंगला लावून ठेवलेला. "ठरलंय ना, फुगेवाल्यापाशी येतील," असं म्हणत आम्ही सकाळच्या जागी गेलो. तिथे फुगेवाला नव्हता. कसा असेल? एका जागी उभं राहून कुणी फुगे विकतं का? वीस मिनिटं वाट पाहिली. मग नवरा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, नणंद मुलांना घेऊन फाटकापाशी. माझ्या पोटात गोळा आला होता, कारण ऊन चढत होतं आणि त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या माझ्याच पर्समध्ये होत्या.

अखेर पार मागच्या कुंपणाजवळ मला फुगे दिसले. आणि फुग्यांच्या मागे दोन पावलांवर, हात पाठीमागे बांधून, घामाने निथळत, सासरे. तासभर ते त्या माणसाच्या मागे अख्खा बाजार फिरत होते. मला बघताच म्हणाले, "अगं, तूच म्हणालीस ना फुगेवाल्यापाशी थांबा म्हणून? हा मेला थांबतच नाही!" फुगेवाला तर रडकुंडीला आला होता. "बाई, हे बाबा एक फुगाही घेत नाहीत आणि पाठही सोडत नाहीत."

तेव्हापासून भेटीची जागा जमिनीत रोवलेली हवी. पाण्याची टाकी, फाटकाचा खांब, मोठं झाड. एखादं दुकान नको, ते दुपारी आवरून जातं. उभी गाडी तर नकोच. आत शिरल्याबरोबर आम्ही सगळे त्या खांबापाशी जातो आणि प्रत्येक जण त्याला हात लावतो. मुलं हसतात, हसू देत. ज्याची चुकामूक झाली त्याने तिथे उभं राहायचं आणि दर तासाच्या ठोक्याला आमच्यापैकी एकाने तिथे चक्कर मारायची. लहान मुलांच्या मनगटावर बॉलपेनने फोन नंबर, आणि निघताना त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो. "हरवलास तर शोधायला जाऊ नकोस, टेबलामागे बसलेल्या विकणाऱ्या काका-काकूंना सांग" हेही आधीच सांगून ठेवायचं, कारण आपलं दुकान सोडून ते कुठे जाणार नसतात.

"फोन आहे की" असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. गर्दीत नेटवर्क बसतं आणि रिंग ऐकू येत नाही, हे ज्याचं त्याने अनुभवावं.

विती मोजून घेतलेलं कपाट

सहा खणांचं, पितळी कड्यांचं जुनं लाकडी कपाट. बघताच नवऱ्याने वीत टाकली: साडेसहा. "आपली खिडकीखालची भिंतही साडेसहा वितीच आहे," असं त्याने छातीठोकपणे सांगितलं. भिंत त्याने कधी मोजली होती, ते मी तेव्हा विचारलं नाही. सौदा झाला. दोन हमाल ते गाडीपर्यंत घेऊन आले आणि तिथे कळलं की डिकी आतून हवी तेवढी ऐसपैस असली तरी तिचं तोंड अरुंद आहे. खण बाहेर काढले. सांगाडा टपावर चढवून माझ्या ओढणीने आणि कुणाकडून तरी मागून आणलेल्या सुतळीने बांधला. मुलं दोन तास मांडीवर एकेक खण घेऊन बसली, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. घरी आल्यावर सांगाडा जिन्याच्या पहिल्या वळणावर अडकला. चार दिवस तो जिन्याखाली होता, तेवढ्यात शेजाऱ्यांनी त्यावर चपला ठेवायला सुरुवात केली. शेवटी सुताराने पाय कापून दिले. वर नेऊन लावलं, तर खिडकीखाली चार बोटं जास्त.

मोजपट्टी पर्समध्ये मावते. माझ्या डायरीच्या शेवटच्या पानावर चार मापं कायमची लिहिलेली आहेत: डिकीच्या तोंडाची रुंदी-उंची, घराचं दार, जिन्याचं वळण आणि घरातल्या रिकाम्या जागा. मोबाईलमध्ये ठेवलेली मापं ऐनवेळी सापडत नाहीत, निदान मला तरी नाही.

लाकडाचं घेताय तर प्रत्येक खण पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करा. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली तर खणाच्या तळाला टिचकी मारा. भोकातून पिठासारखा ताजा भुसा खाली पडला की कीड अजून जिवंत आहे असं समजायचं आणि पुढे चालू पडायचं.

पटकन सांगण्यासारख्या

नवे बूट घालून जाऊ नका. बाबागाडीची छोटी चाकं खडीत रुततात, बाळाला झोळीत घ्या. स्वच्छतागृह आत शिरतानाच बघून ठेवा. हवामानाचा अंदाज बघा, उघड्यावरचा बाजार आहे. सकाळी विकणाऱ्याकडे मोड नसते, तेव्हा सुट्टे न्या. शेवटच्या नाण्यापर्यंत घासाघीस करून मग मोठी नोट पुढे करणाऱ्याकडे विकणारा कसा बघतो, ते मी पाहिलंय. जड वस्तू पहिल्याच तासात घेऊन दिवसभर वाहत बसू नका. पैसे देऊन "जाताना नेतो" म्हणा, वस्तूवर आपलं नाव चिकटवा आणि दुकानाचा, शेजारच्या दोन दुकानांसकट, फोटो काढा. बरेच जण ठेवून घेतात.

आणि "परत येताना घेऊ" हे वाक्य विसरा. परत येताना ती वस्तू नसते, नाहीतर ती गल्ली सापडत नाही.

भाव करताना घरचे

विकणारा तुमच्याशी बोलत असतो, पण बघत असतो तुमच्या मुलाकडे. मुलाने ती लाकडी आगगाडी पोटाशी धरली की भाव तिथेच गोठला. बहुतेक घरांत हे काम मुलं नाही, मोठी माणसंच करतात: "अय्या, हेच तर आपण केव्हापासून शोधत होतो!" आमच्याकडे भाव एकच जण करतो आणि बाकीचे पुढच्या दुकानात उभे राहतात. मी एकदा किंमत विचारते, एकदा माझी सांगते. जमलं तर जमलं, नाहीतर हसून पुढे. वस्तूला नावं ठेवून भाव पाडायची पद्धत मला आवडत नाही. आणि जिचं तुमच्या घरी काही काम नाही, तिच्यासाठी निव्वळ करमणूक म्हणून अर्धा तास हुज्जत घालणाऱ्यांना तर बाजारात येऊच देऊ नये.

मुलांना मात्र त्यांचे स्वतःचे थोडे पैसे जरूर द्या. एकच अट: पहिला तास खर्च करायचा नाही. माझ्या मुलीने तासभर विचार करून नऊ गंजक्या किल्ल्यांचा जुडगा घेतला. एकही किल्ली कशालाच लागत नाही. सात वर्षं झाली, अजून तिच्या टेबलाशी टांगलाय.

स्वस्त असलं तरी घेऊ नये असं

इथे मी कुणाचं ऐकत नाही. हेल्मेट आणि गाडीतली लहान मुलांची सीट जुनी घ्यायची नाही, कारण अपघातात बसलेला मार वरून दिसत नाही. एक बाजू खाली सरकणारे बाळाचे जुने पाळणे नकोत. त्यांत अडकून बाळं दगावली, म्हणून अमेरिकेत २०११ पासून त्यांची विक्री बंद आहे. पापुद्रे सुटलेल्या रंगाची जुनी खेळणी नकोत. तिथे घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली ती १९७८ साली, आणि रांगतं बाळ सगळं आधी तोंडात घालतं. बटणासारख्या चपट्या बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद नसेल तर ते खेळणं जागच्या जागी ठेवून द्या. गिळलेली बॅटरी दोन तासांत अन्ननलिका जाळू शकते.

विजेचं काही घेताना "चालू आहे" या शब्दावर जाऊ नका. लावून दाखवायला सॉकेट नसेल तर ते बंद आहे असं धरूनच किंमत लावा, आणि मागच्या पट्टीवरचे व्होल्ट वाचा. ११० व्होल्टचं यंत्र २३० वर लावलं की फक्त धूर.

पितळ तपासायला खिशात लोहचुंबक ठेवा. चिकटलं म्हणजे आत लोखंड, वर मुलामा. पण उतावळे इथेही फसतात. चिकटलं नाही म्हणजे पितळच, असं अजिबात नाही. जस्त आणि ॲल्युमिनियमलाही ते चिकटत नाही. वजन हातात तोलून बघा, तळाशी ओरखड्यात कुठला रंग दिसतो ते बघा.

फ्ली मार्केट हे नाव फ्रेंचवरून आलंय, शब्दशः पिसवांचा बाजार. जुन्या गाद्या-कपड्यांतल्या पिसवांवरून ते पडलं असं सांगतात. पिसवांचं मला एवढं भय नाही, ढेकणांचं आहे. गादी, उशी, गुबगुबीत खुर्ची, काहीही असो, शिवणीत नखाने फाक पाडून बघा. शाईचे ठिपके उडाल्यासारखे काळे डाग दिसले तर हात झटका आणि चला. "महिनाभर गच्चीत ठेवलं होतं" यावर विसंबू नका, ढेकूण रक्ताशिवाय कित्येक महिने काढतात. कपडे पिशवीत गच्च बांधून आणायचे, पिशवी दाराबाहेर ठेवायची आणि कपडे तिथून थेट ६० अंशांच्या गरम पाण्यात. दिवाणखान्यात "बघा काय आणलंय" म्हणून पसरायचे नाहीत.

एक राहिलंच. गाडीत बसल्यावर कुणीतरी म्हणणार, "ते दोन दिवे घ्यायला हवे होते." गाडी वळवू नका. आम्ही एकदा वळवली होती. दिवे तिथेच होते. आम्हाला लगबगीने येताना बघून त्याने ते फडक्याने पुसायला घेतले आणि भाव सकाळच्या दीडपट सांगितला.