पायथॉनच्या वेब सर्व्हरचा सोर्स कोड इन्स्पेक्टने कसा शोधायचा

टर्मिनलवर पायथॉन, डॅश एम, एचटीटीपी.सर्व्हर एवढं टाकलं की आपला फोल्डर 8000 पोर्टवर ब्राउझरमध्ये दिसायला लागतो, हे बऱ्याच जणांना माहितीये. पण ह्याच सर्व्हरला एखादा फॉर्म पोस्ट करून बघा, 501 एरर येते, म्हणजे सर्व्हर सांगतो की ही मागणी मला हाताळता येत नाही. का येते ते कुणाला विचारत बसू नका, हा सर्व्हर पायथॉनमध्येच लिहिलाय आणि त्याचा कोड तुमच्याच मशीनवर आहे, तो शोधायला इन्स्पेक्ट नावाचं मॉड्यूलसुद्धा पायथॉनसोबतच येतं, वेगळं काही इन्स्टॉल करायला नको.

पायथॉन 3 चा प्रॉम्प्ट उघडा, इन्स्पेक्ट आणि एचटीटीपी.सर्व्हर दोन्ही इम्पोर्ट करा. आधी इन्स्पेक्ट.गेटसोर्सफाईल ला कंसात एचटीटीपी.सर्व्हर द्या, फाईलचा पूर्ण पाथ मिळतो, मशीनवर दोन-तीन पायथॉन असतील तर नेमका कुठला चालू आहे तेही इथंच कळतं.

आता कोड. त्यासाठी गेटसोर्स आहे, फक्त ते प्रिंटमध्ये घाला नाहीतर सगळं एका लांबलचक स्ट्रिंगमध्ये येतं आणि काही वाचता येत नाही. अख्खं मॉड्यूल मागू नका, हजारावर ओळी आहेत. सिंपलएचटीटीपीरिक्वेस्टहँडलर ह्या क्लासपासून सुरुवात करा, त्यात डू_गेट आणि डू_हेड दिसतील, डू_पोस्ट कुठंच नाही. मग गेटएमआरओ ला हाच क्लास द्या म्हणजे तो कुणाकुणाकडून आलाय ती साखळी दिसते, बेसएचटीटीपीरिक्वेस्टहँडलर आणि त्याच्या वर सॉकेटसर्व्हर मॉड्यूलमधले क्लास. आता बेसवाल्याच्या हँडल_वन_रिक्वेस्ट चा सोर्स काढा, खरी गंमत इथंय: रिक्वेस्टमधला पहिला शब्द, म्हणजे गेट, पोस्ट वगैरे, घ्यायचा, त्याच्या आधी डू_ जोडायचं, त्या नावाची मेथड आहे का बघायचं, नसेल तर 501. म्हणजे ह्या क्लासवरून स्वतःचा क्लास (सबक्लास) बनवून त्यात डू_पोस्ट लिहिली की पोस्ट चालणार. त्याच मेथडमध्ये 65536 बाइट्सपेक्षा लांब रिक्वेस्ट लाईन आली तर 414, म्हणजे पत्ता फार लांब असल्याची एरर, देतात तेही दिसेल.

प्रॉम्प्ट उघडायचा कंटाळा असेल तर टर्मिनलवरूनच पायथॉन, डॅश एम, इन्स्पेक्ट, मग मॉड्यूलचं नाव, कोलन आणि क्लासचं नाव द्या, थेट सोर्स येतो.

एक लक्षात ठेवा, सी भाषेमध्ये लिहिलेल्या गोष्टींचा सोर्स असा मिळत नाही, लांबी मोजणाऱ्या लेन ह्या फंक्शनवर गेटसोर्स चालवलं तर टाईपएरर येणार, त्यात तुमची काही चूक नसते.

आणि सिंपलएचटीटीपीरिक्वेस्टहँडलर मधली ट्रान्सलेट_पाथ ही मेथड नक्की वाचा. यूआरएल मधले दोन टिंबवाले तुकडे, म्हणजे वरच्या फोल्डरमध्ये घुसायचे प्रयत्न, तिथं गाळून टाकलेत. पण फोल्डरमध्ये बाहेर जाणारी सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या जागच्या फाईलकडे नेणारा दुवा, असेल तर सर्व्हर तिच्या मागे जातो आणि बाहेरची फाईलही देतो, त्यामुळे हा सर्व्हर फक्त टेस्टिंगपुरता वापरा, प्रोडक्शनला लावू नका.