केमिकल इंजिनिअरिंग झालंय, पुण्यात आहात, आता जॉब कसा शोधायचा?

पुण्यात केमिकलला जॉब नाहीत असं सगळेच सांगतात, आणि हिंजवडी-बाणेर बघून ते पटतंही, पण प्लांट शहरात नसतातच ना. दौंडजवळचं कुरकुंभ एमआयडीसी बघा, मग घाट उतरून महाड, रोहा, लोटे परशुराम, आणि घरापासून लांब जायची तयारी असेल तर गुजरातमधलं अंकलेश्वर, दहेज. पुण्यातच राहायचं तर थरमॅक्स, प्राज अशा डिझाइन-प्रोजेक्टवाल्या कंपन्या आहेत, पेट्रोलमधे 20 टक्के इथेनॉल मिसळायला लागल्यापासून डिस्टिलरीच्या लाइनला चांगले दिवस आलेत, मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधे अल्कोहोल टेक्नॉलॉजी शिकवतात तेही बघून ठेवा.

माझं स्पष्ट मत, पहिली दोन-तीन वर्षं प्लांटवरच काढा. नाइट शिफ्ट असते, पगार आयटीतल्या मित्रापेक्षा कमी दिसतो, घरचे बोलतात, तरीपण. डिझाइनला नंतर जाता येतं, आणि पाइपलाइन हातात ड्रॉइंग घेऊन पायी फिरून ट्रेस केलेला माणूस पीअँडआयडी, म्हणजे प्लांटमधल्या पाइप-व्हॉल्व्ह-मीटरचं ड्रॉइंग, वेगळ्याच नजरेने वाचतो.

इंटरव्ह्यूला व्याख्या पाठ करून जाऊ नका, स्केल-अप, म्हणजे लॅबमधली रिॲक्शन प्लांटच्या आकारात नेणं, नीट समजून जा. लॅबमधे 1 लिटरच्या फ्लास्कमधे एक्झोथर्मिक, म्हणजे उष्णता सोडणारी, रिॲक्शन आरामात होते, तीच 5000 लिटरच्या रिॲक्टरमधे घेतली की व्हॉल्यूम 5000 पट होतो पण आकार तोच धरला तर भिंतीचा एरिया फक्त 290 पटीच्या आसपास वाढतो, म्हणजे दर लिटरमागे उष्णता बाहेर जायला जागा साधारण 17 पट कमी. म्हणून तर डोझिंग, म्हणजे कच्चा माल रिॲक्टरमधे सोडणं, हळूहळू करतात, आणि चिलर किंवा स्टरर बंद पडला की आधी डोझिंग थांबवतात. एवढं कागदावर मांडून दाखवलंत तर समोरचा प्रॉडक्शन मॅनेजर तुमच्याशी बोलायला लागतो, मग सीजीपीए मागे पडतो.

सीव्हीत प्रोजेक्टचं नुसतं नाव नको, मास बॅलन्स (आत किती माल गेला, बाहेर किती आला याचा हिशोब) कुठला केला ते लिहा. रिसर्चची आवड असेल तर पाषाणच्या एनसीएलमधे (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) प्रोजेक्टसाठी आधीपासून मेल करा, एमटेक करायचं तर गेट परीक्षा द्या. नोकरी लावतो म्हणून पैसे मागणाऱ्या कन्सल्टन्सीला एक रुपया देऊ नका.

आणि ऑफर आली की सही करायच्या आधी प्लांट बघायला मागा. हॉट वर्कला (वेल्डिंग-कटिंगसारखी ठिणग्या उडणारी कामं) परमिट देतात का, सेफ्टी शॉवरला पाणी येतं का, स्क्रबर (घातक वायू धुऊन काढणारं यंत्र) चालू आहे का हे बघा. प्लांट दाखवायलाच तयार नसतील तर तिथे जॉइन होऊ नका.