रेप्लिका एमजीची (जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची नक्कल) वायर व्हील्स (तारांची चाकं), नॉक-ऑफ स्पिनर सतत सैल होत होता, शेवटी कोडं सुटलं

लक्षण: ब्रेक मारला किंवा रिव्हर्स घेतला की मागच्या चाकातून 'टक्' आवाज, आणि फ्रीवेवर जाऊन आलं की स्पिनर (चाक धरणारा मधला कानांचा मोठा नट) सैल. नवा स्पिनर टाकला, जास्त ठोकला, स्प्लाइनला (चाक ज्यात अडकतं त्या दात्यांना) भरपूर ग्रीस, काही फरक नाही. जाम वैताग आला होता.

कारण: बोल्ट-ऑन ॲडॅप्टरच्या (गाडीला नटांनी बसवलेला भाग, ज्यावर वायर व्हील चढतं) नटांबाहेर स्टड (आट्यांचे दांडे) आलेले, ते चाकाच्या हबला आतून टेकायचे, त्यामुळे चाक आतल्या कोनावर (चाक जिथे टेकतं तो निमुळता भाग) बसतच नव्हतं.

आधी गाडी घोडीवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. स्टडच्या टोकांना मार्कर फासून चाक चढवून काढा, हबच्या आत ठसे दिसले तर हाच प्रॉब्लेम. मग कुर्ल्याच्या लेथवाल्याकडून स्टड नटाच्या तोंडालगत कापून घेतले, पण नटाचे सगळे आटे धरले पाहिजेत, हे स्वतः बघा, त्याच्यावर सोडू नका. ॲडॅप्टरचे नट टॉर्क रेंचने घट्ट करा, दोन्ही कोन पुसा, स्प्लाइन, कोन आणि आट्यांना पातळ ग्रीस. चाक हवेत असतानाच तांब्याच्या हातोड्याने स्पिनर ठोका, डावीकडे सरळ आटे, उजवीकडे उलटे, म्हणजे घट्ट करताना स्पिनरचा वरचा कान दोन्हीकडे गाडीच्या मागे जातो. थोडं चालवून परत ठोका. आवाज पूर्ण बंद.