गाडी गरम होते म्हणून गॅरेजला देताय? या चुका टाळा

तेव्हा पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट चढावाच लागायचा. बोगदा होता तो साताऱ्याहून पुण्याकडे येणाऱ्यांसाठी. मे महिन्यातली दुपार, एसी चालू, गाडीत पाच माणसं, डिकीत लग्नाचं सामान. घाटाच्या निम्म्यावर आमच्या गाडीचा तापमानाचा काटा लाल रेषेला टेकला. मी थांबलो नाही. मागे ट्रकची रांग होती, कडेला जागा नव्हती आणि माथा आता आलाच असं वाटत होतं. सुरूरला पोचलो तेव्हा बॉनेटखालून वाफ येत होती.

त्यानंतर त्या गाडीवर ४१ हजार रुपये गेले. आधी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, ४,२०० रुपये. मग वॉटर पंप आणि टायमिंग बेल्ट, ९,८००. मग हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील, २७ हजार. आणि एवढं सगळं झाल्यावर बाराव्या दिवशी कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, बाटली पुन्हा रिकामी! गॅरेजवाल्याशी आमचं कडाक्याचं भांडण झालं, प्रकरण नोटिशीपर्यंत गेलं. तेव्हापासून ओळखीपाळखीतले लोक असंच काही झालं की मला फोन करतात. बहुतेकांची अडचण एकच असते: भांडण बिल हातात पडल्यावर सुरू होतं, पण त्याचा निकाल गाडी गॅरेजला देतानाच लागलेला असतो.

"गरम होते, बघा जरा" एवढंच सांगून चावी देणं

गाडी कधी गरम होते हे मेकॅनिकला ठाऊक नसतं, ते तुम्हाला ठाऊक असतं. निम्मं निदान त्यातच आहे.

सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये काटा चढतो आणि हायवेला लागलं की उतरतो, तर पहिला संशय रेडिएटरच्या फॅनवर. वेगात असताना समोरचा वारा फॅनचं काम करतो, उभ्या गाडीला फॅनशिवाय कोणी नाही. मोटर, रिले, फ्यूज, सेन्सर यांपैकी काहीतरी गेलेलं असतं. उलट शहरात ठीक, पण हायवेला किंवा घाटात चढताना गरम होत असेल, तर इंजिनाची उष्णता वाहून न्यायला पाणी पुरेसं फिरत नाही असं समजा: रेडिएटर आतून चोंदलेला, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा, पंपाची पाती झिजलेली. रेडिएटर बाहेरूनही चोंदतो. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत धूळ, किडे, उसाचं पाचट असं काय काय अडकलेलं असतं, आणि समोरून पाहिलं तर काहीच दिसत नाही.

तिसरा प्रकार माझा होता. कूलंट हळूहळू कमी होतं, खाली थेंबही दिसत नाही आणि पातळी उतरली की गाडी कुठेही गरम होते. अशा वेळी शक्यता मोजक्याच. गरम झाल्यावरच उघडणारी रेडिएटरची किंवा होजची बारीक फट. केबिनमधल्या हीटरची गळती. मग पुढच्या सीटसमोर पायाखालचं कार्पेट ओलं लागतं आणि काचेवर गोडसर वासाची वाफ धरते. किंवा हेड गॅस्केट. गॅस्केट गेलं असेल तर सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, बाटलीत बुडबुडे दिसतात, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर धरतो. थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटभरातच रेडिएटरचा वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर तीही तीच खूण.

हे सगळं चार ओळींत लिहून द्या. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जॉब कार्डवर ग्राहकाची तक्रार लिहायची जागा असते. तिथे 'हीटिंग प्रॉब्लेम' एवढं खरडू देऊ नका, तुमचं वाक्य लिहायला लावा. कोपऱ्यावरच्या गॅरेजात जॉब कार्ड नसेल तर व्हॉट्सॲप आहे. दुसऱ्यांदा गाडी देताना मी सहज एक मेसेज टाकला होता: "दादा, बाहेर कुठे गळत नाही, पण आठवड्याला अर्धा लिटर कूलंट कमी होतंय." त्या एका ओळीनं मला पुढे १४ हजार रुपये परत मिळवून दिले. ते कसं, ते पुढे येईलच.

तपासणीआधी पार्ट बदलायला 'हो' म्हणणं

"थर्मोस्टॅट बदलून बघू." यातल्या 'बघू'चे पैसे आपण भरतो. कूलंट कमी होतंय म्हटल्यावर पहिली चाचणी प्रेशर टेस्टची. रेडिएटरच्या तोंडाला छोटा हातपंप लावायचा, झाकणावर लिहिलेला दाब भरायचा आणि काटा पडतो का ते पाहायचं. पंधरा-वीस मिनिटांचं काम. दाब उतरला म्हणजे गळती आहेच; कुठून, एवढंच शोधायचं राहतं. गॅस्केटचा संशय असेल तर निळ्या द्रवाची चाचणी असते. रेडिएटरमधली हवा त्या द्रवातून खेचतात, त्यात इंजिनाचा जळका वायू असेल तर निळा रंग पिवळा होतो. हेड उतरवण्याच्या हजारोंच्या खर्चापुढे या चाचणीचा खर्च किरकोळ आहे. माझ्या गाडीवर यातली एकही चाचणी झाली नव्हती, आणि 'करा' असं मीही कधी म्हणालो नव्हतो.

दोन 'इलाज' असे आहेत की ते सुचवले तर गाडी तिथून उचललेली बरी. पहिला: "थर्मोस्टॅट काढूनच टाकतो, आपल्या हवेला त्याची गरज नाही." गरज असते. साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान तो उघडतो आणि इंजिन लवकर योग्य तापमानाला आणून तिथेच राखतो. तो नसेल तर इंजिन थंड चालतं, पेट्रोल जास्त खातं, झीज वाढते. आणि काही गाड्यांत तर पाणी रेडिएटर टाळून आडवाटेनं फिरतं आणि गरम होणं उलट वाढतं. दुसरा: "फॅन डायरेक्ट करून देतो." चावी फिरवली की फॅन चालू, तो आठवडा निघतो, पण मूळ बिघाड झाकला जातो. पुढे कोणी तपासायला गेलं की वायरिंगचा नवाच गुंता त्याच्या समोर.

कूलंट भरल्यावर आतली हवा काढली का, हेही विचारा. एअरलॉक राहिला तर नीट दुरुस्त केलेली गाडीसुद्धा गरम होते आणि मग विनाकारण भांडण. बोअरचं पाणी भरू देऊ नका. आपल्याकडच्या क्षारयुक्त पाण्याची खपली रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजवते.

तोंडी एस्टिमेट, आणि जुने पार्ट तिथेच सोडणं

फोनवर "हेड उतरवावं लागेल" ऐकलं आणि मी "करा" म्हणालो. किती, काय, कोणत्या कंपनीचे पार्ट, मजुरी वेगळी की धरून, काही विचारलं नाही. काम सुरू होण्याआधी पार्ट आणि मजुरी वेगळी दाखवणारं लेखी एस्टिमेट घ्या. "ठरल्यापेक्षा जास्त खर्च निघाला तर आधी विचारा" हेही त्यातच लिहा. जुने पार्ट परत हवेत हे गाडी देतानाच सांगा. नंतर ते भंगारात गेलेले असतात. बदललेला पंप हातात असला तर त्याची पाती झिजली होती की नाही, हे कोणताही जाणकार सांगू शकतो.

बिल पक्कंच घ्या, त्यावर तारीख आणि किलोमीटर हवेत. "जीएसटी नको असेल तर कच्चं देतो" या सवलतीची किंमत वाद झाल्यावर कळते. बिल न देणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे.

लाल काट्यावर गाडी रेटणं

यावर मला कळकळीनं सांगायचं आहे. हा एकच मुद्दा असा आहे की तिथे गॅरेजवाल्याचं म्हणणं बहुधा खरं असतं. ॲल्युमिनियमचं हेड जास्त तापलं की वाकतं. हेड घासून सपाट करणारा लेथवाला त्यावर सरळ पट्टी धरतो, खाली फीलर गेजची (ठरावीक जाडीची) पाती सरकवतो आणि किती वाक आलाय ते सांगतो. माझ्या हेडला वाक निघाला. "साहेब, तुम्ही गरम गाडी पळवली, त्यात माझा काय दोष?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

काटा चढू लागला की एसी बंद करा आणि हीटर पूर्ण चालू करा. उन्हाळ्यात जीव नकोसा होतो, पण इंजिनाची थोडी उष्णता केबिनमध्ये ओढली जाते. मग पहिली सुरक्षित जागा दिसली की थांबा, इंजिन बंद करा आणि किमान अर्धा तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. आत दाब असतो म्हणूनच पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब सुटतो आणि तेच पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका. बऱ्याच छोट्या गाड्यांत काटाच नसतो, फक्त दिवा असतो. निळा म्हणजे इंजिन अजून थंड, लाल म्हणजे थांबा. आणि चढलेला काटा एकदम खाली आला तर हायसं वाटून घेऊ नका. कूलंट इतकं उतरलेलं असू शकतं की सेन्सर कोरडा पडलाय.

थांबलात की डॅशबोर्डचा फोटो काढा, वेळ आपोआप नोंदली जाते. टोइंगची पावती जपा. काटा चढताच तुम्ही थांबलात, याचा पुरावा दुसरा कोणता असणार?

रागाच्या भरात दुसरीकडे गाडी उघडणं

पहिल्या गॅरेजवरचा विश्वास उडाला की माणूस गाडी ओढत दुसरीकडे नेतो आणि सगळं खोलून टाकतो. काम होतं, पण पुरावा जातो. मग पहिला म्हणतो, आमच्याकडून गाडी नीट गेली होती, त्यांनी काय केलं कोण जाणे. खोलण्याआधी पहिल्याला लेखी कळवा, अमुक दिवशी अमुक ठिकाणी तपासणी आहे, हजर राहा. तपासणीचा व्हिडिओ काढा. दुसऱ्या गॅरेजकडून लेटरहेडवर निष्कर्ष घ्या. मोठी रक्कम असेल तर स्वतंत्र वाहन सर्वेक्षकाचा अहवाल घ्या. ग्राहक आयोगासमोर सेवेतली त्रुटी सिद्ध करणं तक्रारदाराकडे असतं, आणि जाणकाराच्या मताशिवाय तांत्रिक तक्रार लंगडी पडते.

आमच्या दुसऱ्या मेकॅनिकनं काहीही न खोलता प्रेशर टेस्ट लावली. रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या जाळीला जिथे घट्ट दाबलेली असते, त्या सांध्यातून कूलंट झिरपत होतं, तापलेल्या धातूवर लगेच सुकत होतं. म्हणून खाली थेंब दिसत नव्हता.

पैसे न देता गाडी काढून नेण्याचा प्रयत्न

"गाडी माझी आहे, अडवणारे तुम्ही कोण?" असं म्हणायचा मोह होतो. भारतीय करार कायदा, १८७२ मधलं कलम १७० दुरुस्ती करणाऱ्याला त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत वस्तू ताब्यात ठेवण्याचा हक्क देतं. वेगळा करार असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून तिथे हमरीतुमरीवर येऊन उपयोग नाही. पैसे ऑनलाइन भरा, बिलाच्या दोन्ही प्रतींवर "हरकत राखून रक्कम भरली" असं लिहून सही करा आणि गाडी घेऊन या. मात्र केलेल्या कामाचे पैसे मिळाल्यावरही, किंवा भलत्याच जुन्या उधारीसाठी, गाडी अडवायला हे कलम आधार देत नाही.

थेट खटल्याची धमकी, किंवा नुसतंच गप्प बसणं

आधी स्पीड पोस्टानं साधी नोटीस द्या: तारखा, रकमा, काय चुकलं, किती परत हवेत, पंधरा दिवसांची मुदत. शिव्या नकोत, विशेषणं नकोत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ती समेट घडवू पाहते, निकाल देत नाही. जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार चालते, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत २ वर्षांची. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टल सुरू आहे, घरबसल्या तक्रार दाखल करता येते. स्वतः टॅक्सी चालवून पोट भरणारेही यात ग्राहकच, हे अनेक चालकांना माहीत नसतं.

मागताना खरं तेवढंच मागा. मी पहिल्या नोटिशीत सगळे ४१ हजार मागितले आणि गॅरेजवाल्यानं सगळेच नाकारले. मग लेथवाल्याची चिठ्ठी पुढे ठेवून मी गॅस्केटचे २७ हजार सोडले आणि थर्मोस्टॅट व पंपाचे तेवढे मागितले. पंपाच्या बिलात कुठेही चाचणीचा उल्लेख नव्हता, आणि त्याच्या आदल्या दिवशीचा माझा मेसेज निळ्या टिकांसकट त्याच्या फोनवर होता. त्यानं तो पुन्हा वाचला, थोडा वेळ काही बोलला नाही, आणि १४ हजार दोन हप्त्यांत परत केले. नवा रेडिएटर दुसऱ्या गॅरेजात ६,५०० रुपयांत बसला. त्यानंतर आम्ही दोनदा खंबाटकी चढलो, काटा मध्यावरून हलला नाही.